विंचवाचे बिऱ्हाड आणि पंचवीस जीबी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्याकडे आहे. ती आपण बहुधा वर्षाआड खोली बदलणाऱ्या भाडेकरूविषयी, आणि तीही जरा कीव करूनच, वापरतो. युरोपात मात्र चांगली सुखवस्तू माणसे आपण होऊन विंचू होतात. चाकांवरचे घर विकत घेतात किंवा भाड्याने आणतात, त्यात भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे आणि असल्यास कुत्रा भरतात आणि उन्हाळा लागला की गाव सोडतात. या घराला मोटरहोम म्हणतात. रस्त्याने निघालेली अशी रांग पाहिली की एखादी चाळच्या चाळ यात्रेला निघाली आहे असे वाटते.

आमची कन्या आणि जावई इंग्लंडात रेडिंगजवळ राहतात. त्यांनी असे एक घर घेतले आहे. २०२५ च्या जून महिन्यात त्या घरातून मी, आमची सौ., कन्या, जावईबापू आणि सहा वर्षांचा नातू असे पाच जण फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली या वाटेने निघालो. घराची लांबी सात मीटर. मागे एक पलंग, पुढे चालकाच्या डोक्यावर दुसरा, आणि मधले जेवणाचे टेबल रात्री खाली बसवले की तिसरा. दोन शेगड्यांचा ओटा, कमरेएवढा फ्रिज आणि कपाटाएवढी न्हाणी. सौ.ने सारे उघडून, वाकून पाहिले आणि अभिप्राय दिला, "लग्नानंतरच्या आपल्या गिरगावातल्या खोलीपेक्षा हे ऐसपैस आहे हो!"

या घरात दोन दिवस काढले की एक गोष्ट ध्यानात येते. येथे सारे काही मोजलेले असते. पाण्याची टाकी १०० लिटरची. पाच माणसांना ती जेमतेम दोन दिवस पुरते. स्वयंपाकाचा गॅस दोन सिलिंडरांपुरता. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी, आणि सांडपाण्यासाठी वेगळी टाकी. दाराजवळच्या पट्टीवर बारीक दिवे असतात. ते पाहून कोणते किती उरले हे कळते. नळ वाहता ठेवून दात घासणारा माणूस या घरात फार काळ लोकप्रिय राहत नाही.

पाचवी टाकी मात्र या पट्टीवर दिसत नाही. ती फोनमध्ये असते. निघण्याच्या आदल्या रात्री जावईबापूंनी तिची ओळख करून दिली.

"बाबा, घरी आपला डेटा अमर्याद आहे," ते म्हणाले. "पण फ्रान्सच्या भूमीला चाक लागलं की महिन्याला पंचवीस जीबी. त्यापुढे प्रत्येक जीबीचे पैसे. आणि स्वित्झर्लंडात तर पहिल्यापासूनच पैसे."

"का? स्वित्झर्लंड युरोपात नाही?" सौ.ने विचारले.

"नकाशात आहे, आई. फोनच्या हिशेबात नाही."

वाचकांपैकी अनेकांना पंचवीस जीबी हा आकडा मोठा वाटेल. घरी बसलेल्या एका माणसाला तो मोठा आहेही. परंतु चाकांवरच्या घरात वाट दाखवायला डेटा लागतो, मुक्कामाची जागा शोधायला लागतो, पाऊस येणार की नाही हे विचारायला लागतो. जावईबापू आठवड्यातले दोन दिवस गाडीतूनच कचेरीचे काम करणार होते. नातवाला संध्याकाळी चित्रपट हवा असतो, आणि चांगल्या स्वच्छ चित्राचा चित्रपट तासाला तीन जीबीपर्यंत खाऊ शकतो. म्हणजे आठ-नऊ तासांत महिन्याची टाकी कोरडी! कन्येने म्हणून फ्रिजच्या दारावर वाण्याच्या यादीसारखी एक यादी डकवली. काम ८, नातू ४, नकाशे २, इतर ५, आणि सर्वांत वर, दोनदा अधोरेखित करून : माई ६.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८६. सांगलीला धाकट्या मुलाकडे असतात. बुद्धी तल्लख, दृष्टी चांगली. पण कान गेले आहेत. साध्या फोनवर त्यांना काही कळत नाही. समोरच्याचे ओठ आणि चेहरा दिसला तर मात्र सगळे समजते, आणि न सांगितलेलेही समजते! त्यामुळे सौ. गेली कित्येक वर्षे रोज संध्याकाळी त्यांना फोनच्या पडद्यावर भेटते. आमच्या मोजणीप्रमाणे वीस मिनिटांच्या या भेटीला २०० एमबी लागतात; महिन्याचे झाले सहा जीबी. इतरांना जे काम आवाजात भागते, ते माईंना चित्राशिवाय भागत नाही. सांगलीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यातले इंग्लंडचे चार आणि फ्रान्सचे पाच. तेव्हा रोज पाचच्या सुमारास आमचे घर फोनला रेंज असेल अशा जागी उभे असले पाहिजे, हा प्रवासाचा पहिला नियम ठरला.

*

ही मर्यादा मुळात येते कोठून? आपल्या फोनची कंपनी परदेशात खांब उभारीत नाही. तेथे आपण परक्या कंपनीच्या खांबावर बसतो, आणि ती परकी कंपनी आपल्या कंपनीकडून घाऊक दराने भाडे घेते. याला रोमिंग म्हणतात. गंमत अशी की, या व्यवस्थेत आपला डेटा बहुधा आधी स्वदेशी जातो आणि तेथून बाहेर पडतो. म्हणजे फ्रान्सच्या शेतातून सौ.ने माईंना केलेला नमस्कार आधी इंग्लंडला जायचा आणि तेथून सांगलीकडे वळायचा. वाट वाकडी, म्हणून बोलणेही किंचित उशिरा पोचते. माई हसत तेव्हा आमचा विनोद सांगून थोडा वेळ झालेला असे.

पूर्वी हे भाडे कसे होते ते ऐकले तर आजच्या मर्यादा दयाळू वाटू लागतात. युरोपीय संघाने रोमिंगच्या दरांना पहिला लगाम घातला तो २००७ साली, आणि तोही फक्त बोलण्याला. डेट्याच्या किरकोळ दराला मर्यादा आली ती जुलै २०१२ मध्ये : एका एमबीला जास्तीत जास्त ७० सेंट, कर वेगळा. हा दर स्वस्त करून ठरवलेला होता हे लक्षात घ्या. तरीही त्या हिशेबाने एका जीबीला सुमारे ७०० युरो पडत! २०१४ साली मर्यादा २० सेंटांवर आली, म्हणजे जीबीला सुमारे २००. शेवटी १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांत जादा आकारच उठला. घरी जो दर, तोच शेजारच्या देशात. हा कायदा पुढे २०२२ साली नवा केला आणि तो २०३२ पर्यंत चालणार आहे.

पण 'घरच्यासारखे वागा' असे पाहुण्याला म्हणणारा यजमानसुद्धा पाहुण्याने किती दिवस राहावे याचा मनात हिशेब ठेवतोच. या कायद्यातही दोन बारीक कलमे आहेत आणि दोन्ही मोटरहोमवाल्यांच्या नेमक्या पायात येतात.

पहिले कलम डेट्याचे. घरी अमर्याद किंवा फार स्वस्त डेटा देणाऱ्या कंपनीला परदेशात हद्द घालता येते. तिची रीत त्रैराशिकासारखी आहे. आपल्या मासिक वर्गणीची कर वगळून दुप्पट करा आणि तिला एका जीबीच्या घाऊक दराच्या कमाल मर्यादेने भागा. ही मर्यादा २०२५ साठी १.३० युरो, २०२६ साठी १.१० आणि २०२७ पासून १ युरो अशी ठरलेली आहे. म्हणजे ३० युरो वर्गणी भरणाऱ्याला २०२५ मध्ये निदान ४६ जीबी मिळाले पाहिजेत आणि २०२७ मध्ये ६०. त्यापुढे गेलात तर या घाऊक दराने पैसे द्या.

दुसरे कलम दिवसांचे. कंपनी चार महिन्यांचा हिशेब पाहू शकते. त्या काळात आपण घरापेक्षा परदेशातच जास्त राहिलो आणि डेटाही तेथेच जास्त वापरला असे दिसले, तर ती सूचना पाठवते. निदान १४ दिवसांची मुदत देते. तरी वागणूक बदलली नाही तर जादा आकार लावते. यामागे कंजूषपणा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या देशात वर्गणी स्वस्त त्या देशातले सिम घ्यायचे आणि महागड्या देशात बसून ते जन्मभर वापरायचे, असे सारेच करू लागले तर स्वस्त देशातल्या कंपनीचे दिवाळे निघेल आणि तेथल्या गरिबाची वर्गणी वाढेल. कायदा सुट्टीवर गेलेल्या माणसासाठी केला आहे. ज्याची सुट्टीच सहा महिन्यांची असते आणि ज्याचे घरच चाकांवर असते, त्याचे काय करावे हे कायद्याला नीटसे सुचलेले नाही.

*

डोव्हरहून कॅलेला बोटीने दीड तास लागतो. बोटीवर पाऊल टाकताच जावईबापूंनी सर्वांचे फोन विमानातल्यासारखे बंद करवले. भर समुद्रात काही बोटींवर उपग्रहाशी जोडलेले जाळे असते. ते जमिनीवरच्या कोणत्याच सवलतीत बसत नाही आणि फोन मात्र आनंदाने त्याला जाऊन चिकटतो. त्यामुळे आम्ही डोव्हरचे पांढरे कडे फोनशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहिले. ते तसेही चांगले दिसतात.

फ्रान्समध्ये गावोगावी अशा गाड्यांसाठी तळ ठेवलेले असतात. त्यांना 'एर' म्हणतात. पाणी भरायचे, सांडपाणी सोडायचे, रात्र काढायची आणि सकाळी गावच्या बेकरीतून लांब पाव आणायचा. आमचा दुसरा मुक्काम रँस या गावी झाला. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जेथे होत ते कॅथीड्रल येथले. त्याच्या दारावर एक हसरा देवदूत कोरला आहे. त्याच्याकडे पाहून सौ. म्हणाली, "हा आपल्या घरातला वाटतो. फराळाचा डबा कुणी उघडला ते याला ठाऊक आहे!"

त्याच रात्री आमच्या घरात खरोखरच डबा उघडला गेला. नातवाच्या टॅब्लेटने सारे निजले असता, कोणाला न विचारता, गाडीतल्या हॉटस्पॉटवरून स्वतःला अद्ययावत करून घेतले. सकाळी पाहतो तो चार जीबी साफ! नातवाचा महिन्याचा सारा वाटा त्याने एकही चित्र न पाहता संपला होता. पोर रडकुंडीला आले. शेवटी 'इतर' मधून त्याला दोन जीबी कर्ज देण्यात आले आणि फ्रिजच्या दारावर तशी नोंद झाली.

शेजारी एक डच जोडपे उतरले होते. दोघेही सेवानिवृत्त शिक्षक. हिवाळा स्पेनमध्ये काढून सावकाश उत्तरेकडे निघालेले. आमच्या चार जीबींची हकीगत ऐकून गृहस्थ खदखदून हसले आणि त्यांनी आपल्या कंपनीची सूचना दाखवली. चार महिन्यांत तुम्ही बाहेरच जास्त दिसता, १४ दिवसांत सुधारणा करा, असा तिचा आशय.

"चाळीस वर्षं मी मुलांच्या घरी अशी पत्रं पाठवली," ते म्हणाले. "आता मला आलं."

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती. रोज रात्री तिच्याशी बोलणे होई. "आम्ही घराकडेच निघालो आहोत," त्या म्हणाल्या, "पण ते कंपनीला कसं कळणार?" मला त्यांचे बोलणे लागले. कंपनीच्या वहीत माणूस कोठे आहे एवढेच दिसते. तो जातो आहे की परततो आहे, ही नोंद त्या वहीत नसते.

रँसहून कोलमारला गेलो. लाकडी कण्यांची, पिवळ्या-गुलाबी भिंतींची घरे आणि प्रत्येक खिडकीत फुलांची कुंडी. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा शिल्पकार बार्तोल्दी १८३४ साली या गावी जन्मला. येथून बाझेलची वाट तासाभराची. बाझेलला फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमा एकत्र येतात, आणि अर्ध्या तासात आमच्या फोनवर तीन देशांच्या स्वागताचे संदेश येऊन पडले. तिसऱ्या स्वागताला जावईबापूंनी गाडी बाजूला घेतली आणि सर्वांच्या फोनमधला रोमिंग डेटा बंद केला. नकाशे आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवलेले होते.

माईंना हे आधी सांगितले होते. तीन दिवस मी दिसणार नाही, असे सौ.ने पडद्यावर बोटे दाखवून सांगितले. माई म्हणाल्या, "मग जाताच कशाला तिथं?" या प्रश्नाला स्वित्झर्लंडच्या पर्यटन खात्याकडेही उत्तर नसेल.

*

आम्ही ल्यूसर्नच्या सरोवराकाठी ब्रूनेन या गावाजवळ उतरलो. पाणी हिरवे, वर बर्फाची शिखरे आणि समोरच्या तीरावर डोंगराच्या कुशीत एक लहानसे कुरण. त्याला र्‍यूटली म्हणतात. १२९१ साली तीन परगण्यांच्या माणसांनी तेथे एकजुटीची शपथ घेतली आणि स्वित्झर्लंड जन्मले, अशी परंपरा आहे. स्विस माणूस तेव्हापासून आपले घर आपण सांभाळतो. ६ डिसेंबर १९९२ रोजी युरोपच्या आर्थिक क्षेत्रात सामील व्हावे का, असे तेथल्या जनतेला विचारले गेले, तेव्हा ५०.३ टक्के मतदारांनी 'नको' असे उत्तर दिले. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन हे देश संघात नसले तरी त्या क्षेत्रात आहेत, म्हणून रोमिंगची सवलत तेथे चालते. स्वित्झर्लंडात ती चालत नाही. ब्रिटनची कथा उलट दिशेची. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला. ३१ डिसेंबर २०२० रोजी जुनी व्यवस्था संपली. ब्रिटिश कंपन्यांना मोकळीक मिळाली आणि २०२२ पासून त्यांतल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगला पुन्हा रोजचा आकार लावला. काहींनी आकार न लावता आमच्यासारखी जीबींची हद्द घातली.

असे हे दोन कौल. दोन्ही अगदी थोड्या फरकाचे. मत देणाऱ्यांच्या मनात देशाचे मोठमोठे प्रश्न होते. सांगलीच्या एका म्हातारीचा विचार त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते. पण ब्रूनेनच्या दुसऱ्या दुपारी ते कौल आमच्या घरात येऊन बसले.

माझे भारतीय सिम मी केवळ बँकेच्या निरोपांसाठी चालू ठेवले होते. डेटा बंद; साधा संदेश मात्र येऊ शके. दुपारी तीनच्या सुमारास त्यावर मेव्हण्यांचा निरोप आला. 'माई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर उद्या ऑपरेशन म्हणतात. ती सही करत नाही. ताई दिसेल का?'

सौ.ने तो दोनदा वाचला आणि काही न बोलता बाकावर बसली. दवाखान्यात लोक माईंना सारखे समजावीत होते, आणि माईंना त्यातले एक अक्षर ऐकू येत नव्हते. लेक समोर दिसल्याशिवाय त्या कशालाच तयार होणार नव्हत्या.

तळाच्या कचेरीजवळ मोफत वायफाय होते. जावईबापू आणि मी धावत तिकडे गेलो. सारा तळ त्या वेळी त्या एका खांबावर लटकला होता. माईंचे चित्र उमटे, गोठे आणि फुटे. त्यांना आमचे अर्धे ओठ दिसून उपयोग नव्हता. मात्र तेवढ्या वायफायवर जावईबापूंनी कंपनीचा एका दिवसाचा स्विस पास विकत घेतला. त्यात ५०० एमबी मिळत.

पास सुरू झाला तोच तीन दिवस दाराबाहेर थांबलेली सारी गर्दी हॉटस्पॉटमधून आत घुसली. कोणाचे फोटो, कोणाची पत्रे, कोणाच्या बातम्या. मिनिटाभरात १४० एमबी गेले. मग कन्येने एकेकाचा फोन हातात घेऊन बंद केला, अगदी माझाही. नातवाने आपला टॅब्लेट आपण होऊन आणून दिला आणि म्हणाला, "आजी, माझे उरलेले जीबी पण पणजीला दे."

उरले ३६०. सौ. सरोवराकडच्या दारात, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी बसली. पलीकडे माई दिसल्या. चेहरा उतरलेला, केस मोकळे. त्यांनी लेकीला पाहिले आणि इतका वेळ आवरलेले रडू त्यांना आवरेना. मेव्हण्यांनी फोन डॉक्टरांकडे दिला. त्यांनी शांतपणे आम्हाला सारे सांगितले. अशा मोडीत अंथरुणावर पडून राहणेच जास्त धोक्याचे असते, लवकर शस्त्रक्रिया झाली तर माणूस लवकर उभा राहतो. मग फोन पुन्हा माईंकडे गेला. सौ. सावकाश, ओठ स्पष्ट हलवीत बोलू लागली. मध्येच चित्र अडखळले. तेव्हा तिने नातवाची चित्रकलेची वही ओढली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहून फोनसमोर धरले : 'ऑपरेशन करून घे. मी येते.'

माईंनी ते वाचले. बराच वेळ त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंच येतेस? का त्या स्वित्झर्लंडासारखं करशील?"

सौ.ने वहीवरच्या 'मी येते' या शब्दांखाली रेघ ओढली. माईंनी मुलाकडे हात केला आणि पेन मागितले.

भेट सत्तावीस मिनिटे चालली. जावईबापूंनी पाहिले तेव्हा पासात सत्तर-ऐंशी एमबी शिल्लक होते.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. गोटहार्डचा बोगदा १९८० साली खुला झाला, लांबी १६.९ किलोमीटर. उन्हाळ्यात त्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागते, पण आम्ही लवकर पोचलो. आत शिरताना जर्मन बोलणारे स्वित्झर्लंड आणि बाहेर पडल्यावर इटालियन बोलणारे. कियास्सोला सीमा ओलांडून कोमोला आलो. ज्याच्या नावावरून विजेच्या दाबाला व्होल्ट म्हणतात तो अलेस्सांद्रो व्होल्टा या गावचा. सरोवराकाठी त्याचे स्मारक आहे. आमच्या बॅटरीचा मूळ पुरुष म्हणून त्याला नमस्कार करण्याइतके स्वस्थ मन मात्र त्या दिवशी कोणाचेच नव्हते.

इटलीत आलो तरी फोन स्विस खांब सोडीना. डोंगरापलीकडचा खांब जवळ असला की फोनला देशाची सीमा कळत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे तो जातो. जावईबापूंनी फोनची आपोआप जाळे निवडण्याची सोय बंद करून इटालियन कंपनीचे नाव हाताने निवडले. तेव्हा आमचे जुने पंचवीस जीबी पुन्हा सापडले. सीमेजवळ उतरणाऱ्या प्रत्येकाने एवढी गोष्ट शिकून घ्यावी.

संध्याकाळी पाच वाजता मेव्हण्यांचा चेहरा दिसला आणि तो पाहूनच आम्ही समजलो. शस्त्रक्रिया नीट झाली होती. दोन दिवसांनी सौ.ला मिलानच्या विमानतळावर पोचवले. शब्द दिला होता. कोमोचे सरोवर, व्हेनिस, फ्लॉरेन्स हे सारे तिने आमच्या पडद्यावरूनच पाहिले, तेही सांगलीच्या दवाखान्यात माईंच्या उशाशी बसून. फ्रिजच्या दारावर माईंचे सहा जीबी होते तेच पुरले. दिशा तेवढी उलटी झाली. माई आता चार पायांची काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात.

मोटरहोमने परदेशी हिंडण्याचा बेत अलीकडे आपल्यातलीही पुष्कळ कुटुंबे करू लागली आहेत. त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. निघण्यापूर्वी योजनेतली तीन उत्तरे लिहून घ्यावीत : कोणते देश, किती जीबी, किती दिवस. घरच्या अमर्याद या शब्दावर विसंबू नये. हॉटस्पॉटवरून इतर यंत्रांना डेटा देण्याची हद्द काही योजनांत वेगळी असते, तीही पाहावी. नकाशे आणि मुलांचे चित्रपट घरच्या वायफायवर आधीच उतरवावेत आणि प्रत्येक यंत्राचे आपोआप अद्ययावत होणे बंद करावे. महिन्याहून जास्त राहायचे असेल तर तेथले स्थानिक सिम घ्यावे; इटलीत किंवा फ्रान्समध्ये त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. भारतीय सिम बँकेच्या आणि घरच्या साध्या संदेशांसाठी चालू असू द्यावे, त्याचा डेटा मात्र बंद. आताशा काही मोटरहोमांच्या छपरावर उपग्रहाची पांढरी तबकडी दिसते. डोंगरदऱ्यांत ती फार उपयोगी, पण तिच्याही काही योजनांना जीबींची हद्द असतेच.

माणसांनाही हद्द आहे. आपल्या पासपोर्टवर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि २०२१ पासून ब्रिटिश पाहुण्यालाही तोच नियम आहे. विंचवाने बिऱ्हाड पाठीवर घेतले तरी जमिनीचे मालक वेगवेगळे आहेत. तेव्हा टाकी लहान आहे म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. आमच्या कन्येने फ्रिजच्या दारावर केले तसे करावे. निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे आणि सगळ्यांत वर कोणाचे नाव लिहायचे ते ठरवावे. बाकीचे जीबी मग कसेही वाटले तरी चालते.